मयताविना उभा राहिलेला तंबू

आमच्या पंचांगाप्रमाणे सन दोन हजार अकरा, तिकिम्त महिन्यातला बुधवार, दुपारची प्रार्थना नुकतीच सुटलेली. स्थळ आदिस अबाबा शहर, गुलेले भाग, विणकरांच्या घरांमागची उतरती गल्ली. या वेळी व या ठिकाणी आमच्या इदिराचा तंबू उभा राहिला, आणि गल्लीत कोणीही मेलेले नव्हते.

या दोन विधानांचा मेळ घालण्यात आमच्या मंडळाची उरलेली दुपार गेली, आणि मी त्या मंडळाचा सभासद असल्यामुळे ती कशी गेली हे सांगण्याचा मला अधिकार आहे. इदिर म्हणजे मरणाच्या दिवसासाठी शेजाऱ्यांनी बांधून ठेवलेली एकजूट. मोठी पातेली, तबके, बाके आणि हा तंबू ही तिची मालमत्ता. ज्या घरातून माणूस गेले, त्या घरात चूल पेटत नाही. शेजारी तंबूत बसून रडतात, जेवतात आणि जेवू घालतात. तंबू दिसला की काय करायचे, हे आमच्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही.

इदिराच्या भांड्यांची किल्ली वर्कनेशकडे असे. चाळिशी उलटलेली ही बाई मोठ्या रस्त्यावरच्या एका भोजनगृहात गल्ल्यावर बसे. तिथे बुधवारी आणि शुक्रवारी उपवासाचा स्वयंपाक होई: मसूर, डाळीच्या पिठाची आमटी म्हणजे शिरो, कोबी, पालेभाजी, म्हणजे मांस, दूध, लोणी यांचा स्पर्शही नसलेले अन्न. गिऱ्हाईक किती येईल याचा अंदाज मालक आतो, म्हणजे श्रीयुत, सैफू यांना कधीच आला नाही, आणि दुपार टळली की पातेल्यांच्या तळाशी पुष्कळ काही शिल्लक राही. ते अन्न, गिऱ्हाइकांच्या ताटांतल्या उष्ट्यासह, एक माणूस हातगाडीवरून नेई आणि बाजारात स्वस्तात विकी. या मिसळीला शहरात 'बुले' म्हणतात. बुले खाणारे लोक पुष्कळ आहेत; खातो असे सांगणारा मला अजून भेटायचा आहे.

वर्कनेशचे म्हणणे इतकेच होते की पातेल्यातले आणि ताटातले एक नव्हे, आणि पातेल्यातले आपल्या गल्लीत यावे. तिच्यासोबत आणखी दोघी-तिघी तयार झाल्या. पण तिच्या मनात सगळी गल्ली नव्हती. एकच घर होते.

त्या घरात आतो देगेफू राहत. ते जन्मभर छापखान्यात मुद्रिते तपासत आले होते आणि समोरच्याचे बोलणेही मुद्रितासारखेच तपासत. बायको गेली, निवृत्तिवेतनाची किंमत महागाईने खाल्ली, मूलबाळ नव्हते. कोणी जेवायला बोलावले की ते म्हणत, 'माझा उपवास आहे.' आमच्यात उपवास इतके आहेत की हे उत्तर बराच काळ खपून गेले. परंतु ईस्टरनंतरच्या पन्नास दिवसांत उपवास धरायला धर्माचीच मनाई आहे, आणि आदल्या वर्षी त्या दिवसांतही त्यांनी तेच उत्तर दिले. तेव्हा गल्लीला जे कळायचे ते कळले. त्यांचा कोट त्यांच्या खांद्यांना मोठा होत चालला होता. वर्कनेशचा बाप त्यांचा मित्र. देगेफूंकडूनच ती अक्षरे शिकली होती.

पहिल्या बुधवारी ती डबा घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली. मी शेजारच्या ओट्यावर होतो.

"काय आहे हे, वर्कीये?" त्यांनी विचारले.

"जेवण आहे, गाशे," वडीलधाऱ्यांना आमच्यात म्हणतात तसे ती म्हणाली. "सगळं उपवासाचं."

"कुठलं?"

"आमच्या भोजनगृहातलं. पातेल्यातून काढलंय, कुणाचा हात लागलेला नाही."

"मग विकलं का नाही?"

"उरलं."

"उरलेल्याला या शहरात एक नाव आहे. तू म्हणतेस, की मी म्हणू?"

"ते ताटातलं असतं, गाशे. हे पातेल्यातलं."

"मला ना पातेलं दिसतं, ना ताट. मला दिसतो डबा, आणि तो बंद आहे." मग किंचित मऊ होऊन ते म्हणाले, "शिवाय माझा उपवास आहे."

"प्रार्थना सुटली की सोडाल ना? मी थांबते."

"आज सूर्यास्तापर्यंत धरलाय."

ती सूर्यास्ताला पुन्हा गेली. दार आतून बंद होते, आणि आत दिवा लागलेला नव्हता.

इतर दारांतही फार वेगळे घडले नाही. मसाले विकणाऱ्या वैझेरो, म्हणजे श्रीमती, रुकिया यांनी आधी अन्नात मांस नाही ना याची खात्री करून घेतली, कारण ख्रिश्चनाच्या हातचे मांस मुसलमानाला चालत नाही, तसेच उलटही; मग त्यांनी डबा घेतला आणि झाकण न उघडताच भिंतीवर ठेवून दिला. बुले हा शब्द कोणी मोठ्याने उच्चारला नाही, पण शुक्रवारी भिंतीवरचे डबे वाढले होते. वर्कनेशने ते परत नेले, आणि आतो सैफूंनी ते मोजण्याची तसदीही घेतली नाही.

"हे बघ," ते म्हणाले, "यापुढं डबे मी पुरवणार नाही, आणि परत आलेलं अन्न माझ्या दारात नको. या बुधवारी लोकांनी खाल्लं तर पुढचं बोलू. नाहीतर गाडीवाला येतोच आहे."

आता डबे नाहीत म्हटल्यावर मोठ्या भांड्यांतून अन्न आणायचे आणि तबकांत वाढायचे, एवढाच मार्ग उरला. भांडी इदिराकडे होती आणि किल्ली वर्कनेशच्या कमरेला. त्या बुधवारी ऊन कडक होते. उघड्यावर बसवून म्हाताऱ्यांना कसे वाढायचे, म्हणून तिने भांड्यांबरोबर तंबूही काढला. पंधरा वर्षे ज्या बाईने तो तंबू फक्त मयताला बाहेर काढला होता, तिला त्या क्षणी तो केवळ सावलीचे कापड वाटला. मला विचाराल तर पुढचे सगळे याच विस्मरणातून घडले.

शेवटची दोरी ताणून होण्याआधीच गल्ली रिकामी होऊन तंबूकडे चालू लागली. बायकांनी नेतेलाची, म्हणजे पांढऱ्या सुती ओढणीची, रंगीत किनार शोकाच्या रीतीने गळ्याशी ओढली होती. पुरुष टोप्या हातात घेऊन येत होते. कोण गेले हे कोणी विचारत नव्हते. ते आत बसल्यावर हळूच कळते. रुकिया तर वळणापासूनच रडत आल्या, आणि त्यांच्या रडण्याने ज्यांना शंका होती त्यांचीही फिटली. वर्कनेश पळी हातात धरून उभी होती आणि काय झाले आहे हे तिला एकेका चेहऱ्यावरून उमगत होते.

शेवटी आतो देगेफू आले. काळा कोट, गळ्यापर्यंत लावलेली बटणे. कोणी पुढे केलेल्या झारीखाली त्यांनी हात धुतले आणि रुकियांच्या तबकाशी जागा होती तिथे बसले. मयताच्या तंबूत अन्न कोणी आणले हे विचारायचे नसते, आणि नाही म्हणायचे नसते. त्यांनी इंजेराची, म्हणजे तबकभर पसरलेल्या आंबवलेल्या धिरड्याची, कड मोडली.

वर्कनेश पुढे आली. नुसते गप्प राहिली असती तर ते जेवले असते. पण जिवंतांच्या गल्लीत मरण आहे असे भासवून एका माणसाला जेवू घालणे तिला जमले नाही.

"गाशे," ती म्हणाली, "कुणी गेलेलं नाही."

त्यांचा हात तबकावरच थांबला.

"तंबू मीच लावला. ऊन होतं म्हणून. आणि हे अन्न तेच आहे, त्या बुधवारचं. म्हणजे आजचं आहे, पण तिथलंच. भोजनगृहातलं."

देगेफूंनी मोडलेला घास खाली ठेवला आणि बाकाला हात लावला. ते उठणार हे सर्वांनी ओळखले.

"कुणीच मेलं नाही?" रुकियांनी डोळे पुसत विचारले.

"नाही, एतेते," वर्कनेश थोरल्या बहिणीला म्हणावे तसे म्हणाली.

"मग मी वळणापासून कुणासाठी रडत आले? माझ्या सुनेनं दुकान बंद केलंय." त्या देगेफूंकडे वळल्या. "आणि तुम्ही कुठं निघालात? हात धुतलेत ना? एका तबकावर बसून माझ्यासमोरून कोरड्या हातानं उठणार? मी काय विटाळले की काय?"

"तसं नाही, रुकिया. मी..."

"उपवास, ठाऊक आहे. प्रार्थना सुटली. मीही ऐकली, माझी नसली तरी." असे म्हणत त्यांनी इंजेरात मसूर गुंडाळली, चांगला मोठा घास केला आणि तो त्यांच्या तोंडासमोर धरला.

हाताने भरवलेला घास नाकारणे म्हणजे काय, हे आमच्यात सांगावे लागत नाही. देगेफूंनी रुकियांच्या हाताकडे पाहिले, मग वर्कनेशकडे, आणि तोंड उघडले. दुसरा घास त्यांनी आपल्या हाताने घेतला. मग तंबूत इतरही जेवू लागले.

एवढ्यात इदिराचे अध्यक्ष आतो मेकुरिया आले. पूर्वी सैन्यात होते. त्यांचे विचारणे अजून हुकमासारखेच ऐकू येते. "प्रेत कुठं आहे?"

सांगितल्यावर ते संतापले. "मयत नसताना तंबू? हे मरणाला आमंत्रण आहे. किल्ली दे, वर्कनेश."

तिने किल्ली काढून पुढे केली. मंडळाचे सभासद तिथेच होते, तेव्हा बैठक तिथेच झाली.

मी म्हणालो, "नियमात मयत हा शब्द नाही. 'ज्या घरी चूल पेटली नाही, त्या घरासाठी तंबू,' असे शब्द आहेत."

"चूल का पेटली नाही, ते नियमात नाही?"

"नाही."

"असला अर्धवट नियम केला कुणी?"

"तुमच्या वडिलांनी."

कोणी तरी खोकला दाबला. पण नियम सिद्ध करण्याच्या भरात मी कोणाच्या चुलीबद्दल बोललो, हे आता सर्वांना कळले होते, आणि सगळे आपापल्या तबकात पाहू लागले. देगेफूंचे कान लाल झाले. मेकुरियांच्याही ते लक्षात आले असावे, कारण त्यांनी किल्ली खिशात टाकली नाही. ते वळले आणि ज्येष्ठ सभासदाला विचारावे तसे अदबीने म्हणाले,

"गाशे देगेफू, इदिरात तुमच्याहून जुनं कुणी नाही, आणि तुम्ही हे खाल्लंय. गल्ली याला बुले म्हणते. तुम्ही सांगाल तो निर्णय. तुम्ही म्हणालात बुले, तर तंबू आत्ता उतरेल आणि पुन्हा असा लागणार नाही."

वर्कनेश खाली पाहत होती. देगेफूंनी तोंडातला घास नीट संपवला, बोटे पुसली, आणि मुद्रितावर खूण करण्यापूर्वी थांबावे तसे थांबले. बुले नाही म्हणायचे तर खाल्ले हे चारचौघांत मान्य करावे लागत होते, आणि का खाल्ले हेही.

"मला भूक लागली होती," ते म्हणाले. "हे बुले नाही. हे जेवण आहे, आणि शिरोत मीठ कमी आहे. किल्ली तिला परत करा. शुक्रवारी तंबू लावा, पण समोरचा पडदा गुंडाळून वर बांधा, म्हणजे कुणी रडत येणार नाही."