माथ्यावरचा ढीग

उकंडरावानं ढिगावरचा दगड दोन्ही हातांनी उचलला आणि तो तसाच धरून उभा राहिला.

"टाका खाली," मोजणीवाले उत्तमराव दुर्बिणीतून डोळा न काढता म्हणाले. "ऐन माथ्यावर खुणेचा दगड रोवायचाय. ढीग मध्ये येतोय."

टेकडी ती केवढीशी! काळ्या रानात चुनखडीचा पांढरा उंचवटा, चढायला पाव तास. कितीही पाऊस पडो, वर थेंब थांबत नाही. सगळं पाणी तिच्या पोटात जातं आणि पायथ्याच्या झिऱ्यातून निघतं. नवं राज्य होऊन दोन वर्षं झाली होती, आता तिचं नाव नकाशावर चढणार होतं. पन्नाशीचा उकंडराव मात्र या माथ्यावर आज पहिल्यांदा आला होता. त्याची माय रुखमाबाई त्याला वर येऊच देत नसे. आज साहेबाला वाट दाखवायची म्हणून तो तिला न सांगता आला.

"साहेब, हे माह्या मायनं ठेवले. माह्या आधी तिचे तीन लेकरं गेले. एकेकाचा एक दगड."

उत्तमरावांनी डोळा काढला. "म्हणून तुमचं नाव उकंड?"

"हाव. जल्मल्याबरोबर मले शेणाच्या उकंड्यावर लोळवलं. टाकून देल्लेलं लेकरू समजून मरण सोडून देईन म्हणून."

उत्तमरावांनी ढिगाकडे पाहिलं, मग त्याच्या हातातल्या दगडाकडे.

"पण हे तर चार आहेत."

उकंडरावानं मोजले. खाली तीन, हातात एक. खरंच चार होते.

तेवढ्यात काठी टेकत रुखमाबाई वर आली. ऐंशीची बाई, छाती भात्यासारखी चालत होती. कोणीतरी सांगितलं असणार. लेकाच्या हातात दगड पाहून तिचा चेहरा उतरला.

"ठेव थो. पयले ठेव."

"माय, हा कोनाचा वं?"

ती खाली बसली.

"तुहाच हाय," ती म्हणाली. "तू जल्मला त्याच दिवशी ठेवला. मरण आलं तं थे चार मोजीन, तुलेबी नेलं समजून परत जाईन."

उकंडरावानं दगड होता तसाच, होता तिथं ठेवला. मग पुन्हा वाकून तो हलत तर नाही ना, ते पाहिलं.

उत्तमरावांनी दुर्बिणीची तिवई उचलली आणि उताराकडे चार पावलं खाली नेऊन रोवली.

"साहेब, टेकडीची उंची कमी भरंन," उकंडराव म्हणाला.

"भरू द्या. दोन फुटांनी कोणाचं काही अडत नाही."

त्यांनी वहीत आकडा लिहिला. उकंडराव मायला हात द्यायला वळला, पण ती ढिगाला पाठ टेकून बसली होती.

"तू जाय पुढं," ती म्हणाली. "तू घरी पोचेपर्यंत मी इथंच बसते."