बद्द आवाज

मोरबीच्या फरशी कारखान्यात आमचे हे, म्हणजे वालजीभाई, माती दळायच्या गिरणीवर होते. लोखंडी पिंपात दगडगोटे गडगडायचे आणि शेजारी उभ्या माणसाशी खुणांनीच बोलावं लागायचं. घरी मी ताकाचा पेला भरून म्हणायची, "छाश देऊ का?" हे गप्प. "भाव खाताय का?" तरी गप्प.

मग गुडघे दुखायला लागले, तेव्हा यांना मी फरश्या तपासायची त्या टेबलावर आणलं. बसून काम. भाजून आलेल्या फरशीवर लाकडी दांडीने टकोरा द्यायचा. खणखणीत वाजली तर चांगली, बद्द वाजली तर आत तडा.

पहिल्याच दिवशी यांनी बद्द वाजलेली फरशी चांगल्यांच्या थप्पीत ठेवली. मागोमाग दुसरी. यांची नजर चुकवून मी तडकलेल्या फरश्या काढत राहिले.

चार दिवसांनी यांनी मला पकडलं.

"जसु, माझ्या थप्पीला हात का लावतेस?"

मी दोन फरश्या पुढ्यात ठेवल्या आणि दोन्हींवर टकोरा दिला. "तडा कुठलीत आहे, सांगा."

यांनी दोन-तीनदा दांडी आपटली. फरशी कानाशी धरली. मग अलगद खाली ठेवली.

"कानात सदा रातकिडे ओरडतात," हे म्हणाले. "मला वाटलं, सगळ्यांनाच तसं होतं."

दुपारी हे मॅनेजरकडे निघाले. मी हात धरला. "काम जाईल हो."

"जाऊ दे. गिरणीवर नरसी आहे, भीखो आहे. पोरं आहेत अजून."

हिंमतभाई मॅनेजर हसले. "वालजीभाई, वय झालं की कान जातातच."

"नरसीचं वय तीससुद्धा नाही. चला माझ्याबरोबर."

जेवणाच्या सुट्टीत गिरणी बंद होती. नरसी आणि भीखो पाठमोरे बसून रोटला खात होते. हिंमतभाईंनी मागून हाक मारली. "नरसी!" मग जरा मोठ्याने, "ए भीखा!" दोघंही जेवत राहिले. तिसऱ्या हाकेला भीखोने मान वळवली आणि साहेबांना पाहून धडपडत उभा राहिला.

हिंमतभाईंनी त्याच दिवशी डॉक्टरांना निरोप धाडला.

पुढे डॉक्टर आले, कान तपासले. गिरणीवरच्यांना कानावर घालायच्या जाड टोप्या मिळाल्या, पाळी निम्मी झाली. गिरणीभोवती भिंत बांधू म्हणाले होते, ती अजून उठलेली नाही. यांना फरश्यांच्या रंगाच्या छटा निवडायला बसवलं. डोळे शाबूत आहेत. कान मात्र परत येणार नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं.

उकाड्यात नरसी टोपी काढून ठेवतो. मग हे तिकडे जाऊन ओरडतात, "घाल ती! बायकोच्या शिव्या ऐकायच्या नाहीत का तुला?" नरसी हसतो, घालतो, आणि यांची पाठ वळली की बहुतेक पुन्हा काढतो.