झग्याची बाही

चाळीस वर्षं रफूचं दुकान चालवतोय मी. कुणाचाही कोट लांबून बघून सांगतो, कुठे फाटला होता. आणि रफू ओळखू आलं की माझं डोकं फिरतं. दिसतं ते रफू कसलं? ठिगळ म्हणा की सरळ!

माझी लेक माझ्याच हाताखाली शिकली, पण तिचा एकही टाका मी कधी पास केला नाही. शेवटी वैतागून ती जुन्या युरोपी चित्रांच्या दुरुस्तीत शिरली. चारशे वर्षांपूर्वीचं, काळ्या झग्यातल्या बाईचं चित्र तिने एकटीने दुरुस्त केलं. तळहाताएवढा रंग उडाला होता म्हणे. कुठे, ते सांगेना.

"बाबा, संग्रहालयात या आणि माझं काम शोधून दाखवा," म्हणाली. हसत म्हणाली, पण माझ्या तोंडाकडे बघायचं टाळत होती. मला कळत नाही होय? आज तरी बाप पास करतो का, एवढंच तिला बघायचं होतं.

चित्रातली बाई माझ्याकडे अशी बघत होती, जणू काही मीच तिचा झगा वेळेवर दिला नव्हता. मी चष्मा चढवला. रफू तिरक्या उजेडात उघडं पडतं, म्हणून भिंतीला गाल लावून बघितलं. मग गुडघ्यावर बसून बघितलं.

"काका, मागे व्हा," पहारेकरी म्हणाला.

"अहो, थांबा हो जरा!"

आणि सापडलं! गळ्याची झालर. "ही बघ. या कोपऱ्यात हाताने घाई केलीय. इथे माती खाल्लीस तू."

लेक तोंडावर हात दाबून हसायलाच लागली. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. "बाबा, ती घाई मूळ चित्रकाराची. झालरीला मी हातसुद्धा लावला नाही."

"मग तुझं कुठाय?"

"डावी बाही. कोपराच्या खाली."

तिथून माझी नजर तीनदा फिरून आली होती. पुन्हा बघितलं. समोरून, तिरकं, चष्मा काढून. छे! काही म्हणता काही सापडेना.

पहारेकरी तरातरा आला. मी त्याचाच दंड धरून त्याला बाहीसमोर उभा केला.

"काय दिसतंय?"

"काही नाही. बाही आहे."

"काहीच नाही ना? नीट बघा," मी अख्ख्या दालनाला ऐकू जाईल असं म्हणालो, "माझ्या लेकीने केलंय ते!"