रिकामी टरफलं

“लिहा, ‘रक्त वाडीवरून आणतानाच खराब झालं होतं.’ आणि खाली सही करा.” राजेंद्र सरांनी नोंदवही रंजनापुढे ढकलली.

रंजना यंत्राच्या पडद्याकडे बघत होती. लोणावळ्याच्या या प्रयोगशाळेत तिला अकरा वर्षं झाली होती. पापुद्र्याएवढ्या पातळ दोन चकत्यांमध्ये ओला थेंब बंद करायचा, बुडबुडा राहू द्यायचा नाही, हे तिचं काम. मग त्यातून क्ष-किरण सोडायचे. पाणी त्यांना वाट देतं, पेशी अडवते, आणि पेशीच्या आतलं सगळं सावलीसारखं उमटतं. पण तेच किरण पेशीला भाजतातही. म्हणून पहिलं चित्र मिळेल तेच खरं.

आजचं रक्त हर्षदाचं होतं, रंजनाच्याच वाडीतल्या नऊ वर्षांच्या पोरीचं. तिच्या पेशी विळ्यासारख्या वाकत, अंग ठणकत राही. वाडीत तपासणीला रक्त द्यायला कुणी तयार नव्हतं. रंजनाच्या शब्दावर एकट्या बायाने, हर्षदाच्या आईने, लेकीचा हात पुढे केला होता.

पडद्यावर नुसती रिकामी टरफलं होती.

“थेंब वाळू दिलात तुम्ही,” सर म्हणाले. “अकरा वर्षं इथे केलंत काय? झाडू मारलात?”

“वाळलेली पेशी सुरकुतती, सर. ह्या फुटल्यात. सकाळी तुमी शुद्ध पान्यानं धुतल्या. रगताला मिठाचं पानी लागतं.”

सरांची हयात धातूचे पत्रे तपासण्यात गेली होती. तिथे पाणी जितकं शुद्ध तितकं बरं. त्यांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच.

“मला शिकवू नका. मशीनचा अख्खा दिवस गेला, वरच्यांना मी काय सांगू? आणि त्या वाडीवरून विचारायला कोण येणार आहे?”

“मीच त्या वाडीची हाय.”

“मग सही करा. नाहीतर उद्यापासून येऊ नका.”

रंजनाने पेन उचललं. ‘रक्त चांगल्या स्थितीत आणलं होतं. मीठ नसलेल्या शुद्ध पाण्याने धुतल्यामुळे पेशी फुटल्या.’ खाली सही केली, तारीख घातली आणि एप्रन काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

औंढे गावाच्या वरच्या अंगाला, वाडीत, बाया ओट्यावर तांदूळ निवडत होती.

“काय दिसलं?” तिने मान वर न करता विचारलं.

“काय बी न्हाई. चूक झाली तितं.”

“कुनाची?”

“आमची.”

“मंग पोरीला टोचून रडवलीस ती कशाला? समदी नको म्हनत व्हती. मीच येडी, तुज्या शब्दाला भुलले. आता हितं कुनाच्या दारात जाऊ नगंस.”

“न्हाई जायाची. पर रगत नासलं नव्हतं तिचं. तसं लिवून आले.”

“लिवून काय पोरीचं अंग दुखायचं थांबतं व्हय?”

दारात हर्षदा उभी होती, कोपराच्या लवणीत अजून चिकटपट्टीचा तुकडा. पट्टीची कड सुटून लोंबत होती. ती नीट दाबावी म्हणून रंजनाने हात पुढे केला.

हर्षदाने कोपर पाठीमागे लपवलं आणि ती आईच्या आडोशाला सरकली.