टॉवेलवरचा कप

ईश्वरप्पाला खोटं बोलायला कधी जमलंच नाही, असं कारखान्यातलं कुणीही सांगेल. माग बंद पडला तर "माझ्याच हातानं बिघडला" असं मालकाला तोंडावर सांगणारा हा माणूस. पण एका फुटबॉल क्लबाच्या बाबतीत तो चार महिने न अडखळता खोटं बोलला. तेही कोंडीबाशी, ज्याच्या डब्यातली भाकरी त्याने तीस वर्षं खाल्ली होती.

हा क्लब पोर्तुगालातल्या मोंटेल्वा नावाच्या लहानशा गावचा. सोलापुरात त्याचं नाव कुणाला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं, पण त्याच्या खेळाडूंचे टॉवेल हे दोघं काम करत त्या कारखान्यात विणले जात. पिवळा टॉवेल, त्यावर क्लबाचं चिन्ह, हिरवं झाड. त्या झाडाची कार्डं कोंडीबाने पाडलेली. जाड पुठ्ठ्याला नेमक्या जागी भोकं पाडायची, आणि त्या भोकांच्या हुकमाने मागावर नक्षी उमटते. मागांची दुरुस्ती ईश्वरप्पाकडे. "आपल्या टॉवेलानं तोंड पुसत्यात, म्हंजे आपलीच पोरं की," असं कोंडीबा एकदा म्हणाला आणि तिथून दोघं नादाला लागले ते लागलेच.

मॅच व्हायची तेव्हा सोलापूर झोपलेलं असायचं. म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला शुक्रवार पेठेत, कोंडीबाच्या कट्ट्यावर, मोबाइलवर ती बघायची. तोवर निकाल कुणी बघायचा नाही, हा नेम. खेळाडूंची नावं जिभेवर चढेनात, म्हणून ह्यांनीच त्यांची बारशी केली. नऊ नंबरचा लंब्या, गोलकीपर दाढीवाला. चेंडू गोलाजवळ आला की मूळचा मैंदर्गीचा ईश्वरप्पा मराठी विसरायचा आणि "होडी! होडी!" म्हणून कानडीत ओरडायचा. मार, मार! पलीकडच्या गल्लीला वाटायचं, कट्ट्यावर भांडणं लागलीत.

गेल्या हंगामात हा क्लब पहिल्यांदाच युरोपच्या स्पर्धेत पोचला. दिवाळीच्या सुमारास त्यांनी तिथल्या एका मोठ्या क्लबाला त्यांच्याच मैदानावर हरवलं, तेव्हा ह्या दोन म्हाताऱ्यांनी कट्ट्यावर उभं राहून टाळ्या वाजवल्या. आणि जानेवारीत कोंडीबाचे डोळे गेले. साखर वाढली, डोळ्यांच्या पडद्यावर रक्त उतरलं. साखर ताब्यात आल्याशिवाय ऑपरेशन नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. कारखाना सुटला. कोंडीबा भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला. त्याची बायको येसूबाई ताट घेऊन बसायची आणि तसंच ताट परत न्यायची.

"भावजी, तुमी येता तेवढ्यापुरतंच उठून बसत्यात बगा," ती ईश्वरप्पाला म्हणाली.

मग ईश्वरप्पा त्याचा डोळा झाला. मोबाइल हातात धरायचा आणि दिसेल ते बोलायचं. कोंडीबा मान कलती करून ऐकायचा, मध्येच विचारायचा, "लंब्या कुटं हाय?" गंमत अशी की नेमका तेव्हाच क्लब ढासळायला लागला. दोन स्पर्धा एकदम खेळून पोरं थकली होती, बदलीला माणसं नव्हती. फेब्रुवारीत घरच्या मैदानावर एक साधा फटका दाढीवाल्याच्या हातातून निसटला आणि आत गेला.

"काय झालं?" कोंडीबाने विचारलं. त्याचा चेहरा इतका उतावीळ होता की ईश्वरप्पा बोलून गेला, "अडवला."

कोंडीबा खदखदून हसला. येसूबाई आतून बघायला आली. त्या दिवशी तो दीड भाकरी जेवला.

झालं. एक अडवला म्हटल्यावर पुढचे किती अडवावे लागतात, हे ईश्वरप्पाला तेव्हा कुठं ठाऊक! हरलेली मॅच बरोबरीची झाली, बरोबरीची जिंकलेली. मार्चमध्ये क्लब पाच-शून्यने हरून युरोपातून बाहेर पडला, आणि कट्ट्यावर मात्र तो पुढच्या फेरीत गेला. आता दाखवायला युरोपची मॅचच उरली नव्हती. तेव्हा ईश्वरप्पाने मागच्या वर्षीच्या जुन्या मॅच शोधून त्या युरोपच्या म्हणून लावल्या. इंग्रजीतलं बोलणं कोंडीबाला कळत नव्हतं, त्याला फक्त प्रेक्षकांचा गलका हवा असायचा. मे महिन्यात, तिकडे क्लब घसरत घसरत खालच्या लीगमध्ये जाऊन पडला त्याच आठवड्यात, ईश्वरप्पाने त्याला कट्ट्यावर युरोपचा कप जिंकून दिला. कोंडीबा रडला. येसूबाईने शिरा केला आणि शेजारच्या चार घरी वाटला. ईश्वरप्पाने आपली वाटी शेजारच्या पोराला देऊन टाकली.

तिथं तरी थांबायला हवं होतं. पण आनंद झालेला माणूस गप्प कसा बसेल?

"आता टॉवेलावर कप पायजे," कोंडीबा म्हणाला. "झाडाखाली. मी पाडतो कार्डं."

"डोळ्यांचं काय करतोस?"

"बोटं हाईत की! तू निस्ता बाजूला बस."

सुट्टीच्या दिवशी ईश्वरप्पा त्याला हाताला धरून कारखान्यात घेऊन गेला. कोंडीबाने बोटांनी भोकांच्या रांगा चाचपत, मनात नक्षीची घरं मोजत, दिवसभर भोकं पाडली. चुकलं की स्वतःला शिव्या घालायचा आणि नवं कार्ड घ्यायचा. दिवसभर ते दोघंच तिथं होते. खरं काय ते त्या दिवशी सांगता आलं असतं. पण ईश्वरप्पाने ती कार्डं मागावर चढवली, एकच टॉवेल विणला आणि कोंडीबाच्या मांडीवर ठेवला. राहील ट्रंकेत, त्याला वाटलं.

कोंडीबाला वाटलं ते निराळंच. त्याने ईश्वरप्पालाही न सांगता येसूबाईला कारखान्यात पाठवलं. मोंटेल्वाला जाणारी टॉवेलांची खोकी भरत होती. पॅकिंगच्या बायका तिच्या ओळखीच्या. तिने तो टॉवेल सगळ्यांत वर ठेववून घेतला.

जूनच्या अखेरीला युवराज, मालकांचा मुलगा, स्वतः कोंडीबाच्या घरी आला. क्लबाचा व्यवहार तोच बघायचा. ईश्वरप्पा कट्ट्यावरच होता. युवराज हातातला मोबाइल बघत पुढे आला.

"कोंडीबाकाका, टॉवेलवर कप तुम्ही काढलात?"

"व्हय! मिळाला का त्यांस्नी?"

युवराज चुळबुळला. पोरगा चांगला होता, त्याला ओरडायचं नव्हतं. "काका, त्यांनी फोटो पाठवलाय. आणि एकच ओळ लिहिलीय: 'आम्ही तुमचं काय वाईट केलं होतं?'"

कोंडीबाला कळेना. तेव्हा युवराजने सगळं सांगितलं. पाच गोल, घसरण, खालची लीग. "त्यांना वाटलं, आपण थट्टा केली. मी माफी मागतो त्यांची. पण काका, तुम्हाला कप कुणी सांगितला?"

ज्या बाजूला ईश्वरप्पा बसला होता तिकडे कोंडीबाने तोंडही फिरवलं नाही. युवराज गेल्यावर त्याने विचारलं, "पाच झाले तवा दाढीवाला काय करत हुता?"

"गुडघ्यावर बसला हुता."

"आन् लंब्या?"

"रडला. शर्टात तोंड घालून," ईश्वरप्पा म्हणाला.

"कोंडीबा, तू जेवत नव्हतास रे," तो कळवळून पुढे म्हणाला. "मला दुसरं काय सुचलं न्हाई."

"मी उपाशी ऱ्हायलो असतो एक दिस," कोंडीबा म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "आपली पोरं हरत हुती ईशा, आन् मी हितं हसत बसलो. त्यांच्यासंगं एक दिसबी रडलो न्हाई. वर कप धाडला." थोडं थांबून तो म्हणाला, "कप जिंकला तवा तू एकदाबी होडी म्हणला न्हाईस. मला तवाच कळाय पायजे हुतं."

ईश्वरप्पा उठला. महिनाभर तो त्या गल्लीत फिरकला नाही. चांगुलपणाने केलं होतं, असं स्वतःला समजावून त्याने पाहिलं. ते खरंही होतं, पण त्याने मन काही शांत होईना.

जुलैत ऑपरेशन झालं. एका डोळ्याने दिसायला लागल्याचं येसूबाईनेच निरोप धाडून कळवलं. शुक्रवारी सहाला, शर्ट बदलून, ईश्वरप्पा कट्ट्याशी जाऊन उभा राहिला. कोंडीबा मोबाइल नाकाशी धरून बसला होता.

"नवा हंगाम सुरू झाला?" ईश्वरप्पाने विचारलं.

"माझा अजून जुनाच चाललाय." कोंडीबाने नजर उचलली नाही. "फेब्रुवारीपास्नंच्या मॅच परत बगतोय. आठवड्याला एक."

पडद्यावर पिवळ्या शर्टातली पोरं पळत होती. ईश्वरप्पाने मॅच ओळखली. घरचं मैदान, सरता पूर्वार्ध. आता तो साधा फटका येणार होता.

"बसू का?"

कोंडीबाने पाय थोडे आवरून घेतले. "बस," तो म्हणाला. "पर बोलू नगंस."

ईश्वरप्पा बसला. फटका आला, दाढीवाल्याच्या हातातून निसटला आणि आत गेला. कोंडीबाच्या बऱ्या डोळ्यातून पाणी वाहू लागलं. ईश्वरप्पाने तोंड गच्च मिटून घेतलं आणि तोही बघत राहिला.