आडावरच्या रहाटाची बाजू

मित्रांनो, जालन्यातल्या एका बोळात एक जुना आड आहे. त्यावरचा मी रहाट. हल्ली माझ्यावर दोर नसतो, म्हणून मुलं मला नुसतं चाक म्हणतात.

सुताराने मला बाभळीच्या लाकडातून घडवलं आणि मधे लोखंडी आस बसवला. द्वारकाबाई आणि त्यांच्या यजमानांनी घर बांधलं, त्याच उन्हाळ्यात मी आडावर चढलो. बाई दर अमावास्येला माझ्या आसाला करडईचं तेल घालत. पाण्याला आलेल्या शेजारणी म्हणत, या आडाचा रहाट गातो. ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढे यजमान वारले. मूलबाळ नव्हतं. १९३६ साली बाईंनी मागची एक खोली राखून घर आणि आंगण विकायला काढलं. घेणारे रामराव वाटूरचे. कापसाच्या व्यापारासाठी शहरात आलेले. माणूस सरळ. ते आपला वकील घेऊन आले. तेव्हा निजामाचं राज्य, म्हणून खरेदीखत उर्दूत लिहायचं होतं. वकिलाने मसुदा आंगणातच वाचला आणि मराठीत समजावून सांगितला. आंगणाबरोबर आड जात होता, आडाबरोबर मी. बाईंनी पाणी कुठून भरायचं, याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

बाईंनी ते विचारलं, तेव्हा रामराव हसले. "मावशी, आम्ही पाण्याला न्हाई म्हणू का? एकच वकील दोघांचं काम करतो. दुसऱ्याचा खर्चा कशाला?"

"तुम्ही न्हाई म्हणणार न्हाई," बाई म्हणाल्या. "पण तुमच्या मागून येणारा? तुमचा वकील तुमचं बघतो, ते बराबर आहे. मंग माझं कोण बघंल?"

दोन दिवसांनी त्यांचे स्वतःचे वकील आले, जगन्नाथराव. आडाच्या कठड्यावर टेकून त्यांनी एकच गोष्ट विचारली, घर दिल्यावर तुम्हाला काय हवं? हे बाईंना आजवर कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. जीव आहे तोवर पाणी, एवढंच. ते खतात लिहिलं गेलं.

पाणी राहिलं, पण माणसं गेली. आपल्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, हे रामरावांच्या मनाला लागलं. त्यांच्या घरची माणसं पहाटेच पाणी भरून जात. समोरच्या सोनूबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत, "आता मावशी उसनं मीठ मागायलाबी वकील आणतील." बाई ऐकत आणि घागर भरत. दुपारी आंगण रिकामं झालं की त्या येत, मला तेल घालत, पण बोलत नसत. बारा वर्षं एका आडाचं पाणी दोन घरांनी मुक्याने प्यालं. त्या मुकेपणात माझीच कुरकुर तेवढी ऐकू येई.

१९४८च्या अखेरीस रामरावांनी व्यापार आवरला आणि घर विकायला काढलं. घेणारा घनसावंगीचा. त्यानेही आपला वकील आणला आणि म्हणाला, एकच पुरे.

त्या दुपारी रामराव आडाशी आले. बाईंची घागर अर्ध्यावर होती.

"मावशी, तुमचे वकील कोण होते?"

बाईंनी दोर धरून ठेवला. "माझे कशाला? ते माझं बघणारे. तुमचा तुम्ही शोधा."

रामरावांनी बाईंच्या हातातला दोर घेतला आणि घागर वर ओढून दिली.

त्यांनी आपला वकील स्वतः निवडला. मसुदा वाचायची वेळ आली तेव्हा रामराव आंगणात सर्वांदेखत त्याला म्हणाले, "पहिलं मावशीचं पाणी लिहा. माझं मंग."

रामराव वाटूरला गेले. नव्या मालकाने नळ घेतला. बाई मात्र आडावरच येत, लहानशी कळशी घेऊन. एक दिवस त्या आल्या नाहीत. मागच्या खोलीला कुलूप लागलं, आणि पुढच्या आठवड्यात माझा दोर कोणीतरी सोडून नेला.

आता माझा आस गंजला आहे. वारा आला तरी मी फिरत नाही. मित्रांनो, मला वकील नाही, म्हणून माझी बाजू मीच मांडतो. आडावर झाकण टाकायला लोक येतील, तेव्हा माझ्या आसाला एकदा करडईचं तेल घाला आणि मला फिरवून बघा. तोडायचं की ठेवायचं, ते मग ठरवा. पण आधी बाजू ऐका.