बारा हिवाळ्यांचा किल्ला

किल्ला राखायच्या एका कॉम्प्युटर गेमनं कादंबरी नावाच्या या बाईला वेड लावलं होतं, आणि लावलं तर लावलं. परदेशातल्या या चँडलर गावच्या वाळवंटी उन्हात दिवसभर घरात बसून माणसानं करावं तरी काय? गेम दिसायला अगदी जुनाट, ठोकळ्याठोकळ्यांची माणसं आणि पिपाणीसारखं संगीत. खेळायला मात्र महाखट. बारा हिवाळे किल्ला राखायचा, मागे जायची सोय नाही, आणि पडला की पुन्हा पहिल्या हिवाळ्यापासून. नागपूरची नोकरी सोडून नवऱ्यामागे डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे स्वतः नोकरी करायची मुभा नसलेल्या व्हिसावर, आलेल्या तिला तीन वर्षांत कुणी कशाचं कारण सांगितलं नव्हतं. हा गेम सांगायचा. धान्य कमी साठवलंस, म्हणून मेलीस. तिला ते फार आवडायचं.

दोनशे वेळा तरी हरली असेल. मार्चपासून मात्र जमत गेलं, आणि गेल्या आठवड्यात, सप्टेंबरात, बारावा हिवाळा पार पडला. सोफ्यावर बसून ती चक्क रडली. आपल्या डोक्याला गंज चढलेला नाही एवढंच तिला स्वतःला पटवायचं होतं, आणि ते पटलं होतं.

रविवारी दुपारी शेजारचे रवींद्र आणि नीना जेवायला आले. रवींद्रही तोच गेम खेळायचा, पण चौथ्या हिवाळ्यापुढे त्याची गाडी सरकत नव्हती.

"बाराच्या बारा? कसं काय यार?" तो म्हणाला.

कादंबरी सांगणारच होती, तेवढ्यात तिचा नवरा सिद्धेश मध्ये बोलला. हा चिपच्या कंपनीत इंजिनिअर, कशातही हात घातल्याशिवाय चैन नाही. पोळीवर तूप वाढता वाढता म्हणाला, "अरे, गेमच्या सेटिंगची फाइल साधी टेक्स्ट आहे, उघडून आकडे बदलता येतात. मार्चमध्ये मीच शत्रू निम्मे करून ठेवले. रोज रडवेली व्हायची, बघवेना."

आणि वर हसला.

"मला का नाही सांगितलंस?" कादंबरीनं विचारलं.

"सांगितलं असतं तर मजा गेली असती ना."

परक्यानं केलं असतं तर तिनं चार शिव्या हासडल्या असत्या. इथे घरच्यानंच केसानं गळा कापला, तोही मायेनं. दाद मागायची कुणाकडे? सहा महिने हा रोज विचारायचा, आज कितवा हिवाळा, आणि तिनं आकडा सांगितला की टाळी द्यायचा.

तिनं हात धुतले आणि लॅपटॉप टेबलावर आणला. "होतं तसं कर."

त्यानं केलं. पाहुणे मान खाली घालून जेवत राहिले आणि ती खेळत राहिली. पाऊण तासात, तिसऱ्या हिवाळ्यात, किल्ला पडला.

सिद्धेशनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "म्हणून तर केलं होतं गं. तुला झेपणार नाही, हे मला माहीतच होतं."

तिला हरल्याचं काही वाटलं नाही. हे माहीत असताना तो टाळ्या देत होता, ते काळजात घुसलं. तिनं त्याचा हात खाली ठेवला आणि त्याच्यादेखत लॅपटॉपचा पासवर्ड बदलला. जुना म्हणजे त्यांच्या लग्नाची तारीख होती.

"नवा काय ठेवलास?" त्यानं विचारलं.

तिनं पहिला हिवाळा सुरू केला.